‘दिसलं होतं, ताई’ : एका छापखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

छापून दिलेली पुस्तकं चूक निघाल्यामुळे गिऱ्हाइकाकडून परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकिणीचा, ताईंचा, मला फोन आला. ‘माझ्या लोकांना कामाची ओढच राहिलेली नाही. त्यांच्यासाठी प्रेरणेचं एखादं सत्र घ्याल का?’ मी लगेच हो म्हटलं नाही. आधी दोन दिवस नुसता येऊन बसतो, सत्राचं नंतर बघू, असं सांगितलं.

चौदा माणसांचा छापखाना. ओळख पटू नये म्हणून नावं, ठिकाण आणि काही तपशील मी गाळले आहेत. मालकिणीला सगळे ताई म्हणायचे, म्हणून इथेही ताईच. वडिलांनी उभा केलेला हा व्यवसाय त्यांच्याकडे येऊन सहा वर्षं झाली होती. सगळ्यांत जुने मशीनमन म्हणजे काका. ताई शाळेतून येऊन कागदाच्या रिमांवर बसून अभ्यास करायच्या, तेव्हापासून काका मशीनवर होते.

ताई मूळच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्या. मांडणी आणि मुद्रितशोधनात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मशीनवर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. हे त्यांना आतून टोचायचं. मशीनवरचं आपल्याला कमी कळतं, म्हणजे तिथली प्रत्येक गोष्ट आपल्या नजरेखालून गेलीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कागद बदलायचा, ताईंना विचारा. गिऱ्हाईक एक दिवस थांबेल का, ताईंना विचारा. शाई घट्ट वाटते, ताईंना विचारा. सकाळी दार उघडल्यापासून त्यांच्या टेबलाशी कुणी ना कुणी उभं असायचं, आणि रात्री घरी गेल्यावर फोन सुरू व्हायचे. लहान व्यवसायातले बरेच मालक अगदी असेच दमलेले असतात. आपण दमतो कारण बाकीचे अंग चोरतात, असं त्यांना वाटतं. ताईंनाही तसंच वाटत होतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी दोन नियम एकदम लागू केले होते. जो जॉब ठरल्या तारखेला बाहेर पडेल त्यामागे त्या त्या विभागाला बक्षिसी, आणि सकाळी उशिरा येणाऱ्याला दंड. दोन्ही नियम टाइप करून फळ्यावर लावले. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली, पण तिचा अर्थ त्यांनी लावला नाही. व्हिजिटिंग कार्डं, लेटरहेड, बिलबुकं भराभर बाहेर पडत होती आणि पुस्तकं मागे राहत होती. बक्षिसी जॉबवर होती. शंभर कार्डं हाही एक जॉब आणि ९६ पानांचं पुस्तक हाही एकच जॉब. माणसांनी नियम नीट वाचला होता आणि तो इमानेइतबारे पाळला होता.

दंडाची गोष्ट आणखी वेगळी. बाइंडिंग विभागात उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी कुणी वीस मिनिटं उशिरा आला की खाली मान घालून जागेवर जायचा. आता तो रुबाबात आत येऊन म्हणायचा, ‘कापून घ्या ना.’ इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक गाजलेला अभ्यास आहे, उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना १० पैकी ६ पाळणाघरांत दंड लावला, तर उशिरा येणारे वाढत वाढत जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड बंद केला, तरी आकडा खाली आला नाही. आधी उशीर म्हणजे दुसऱ्याला दिलेला त्रास होता, दंड आल्यावर ती पैसे मोजून घ्यायची सोय झाली. छापखान्यात नेमकं हेच घडत होतं, आणि ताई त्याला ‘ओढ राहिली नाही’ असं नाव देत होत्या.

अडचण

एका संस्थेचा वार्षिक अहवाल छापायला आला होता. ९६ पानं, म्हणजे सोळा पानी सहा फर्मे, प्रती २०००. (एका मोठ्या तावावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे फर्मा.) शेवटचं पान कोरं. पहिले दोन फर्मे छापून झाले होते, तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा, म्हणजे ज्यांवरून छपाई होते ते पत्रे, तयार होत्या, आणि दुपारी गिऱ्हाइकाचा निरोप आला की चाळिसाव्या पानावर एक मनोगत घालायचं आहे. म्हणजे तिथून पुढचा सगळा मजकूर एकेक पान पुढे सरकणार आणि शेवटचं कोरं पान भरणार. ताईंनी डीटीपीला सांगितलं. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत नव्या फाइली झाल्या, नव्या प्लेटाही झाल्या. पण चौथ्या फर्म्याचा जुना संच मशीनशेजारच्या रॅकवर आधीच जाऊन पडला होता. मशीनवर तोच चढला.

ही चूक किती लपणारी होती ते जरा थांबून पाहिलं पाहिजे. पानांचे आकडे बरोबर होते, ४८ नंतर ४९, ६४ नंतर ६५. फर्म्यांच्या पाठीवर काळ्या खुणा असतात. फर्मे एकावर एक बरोबर रचले की त्यांचा तिरका जिना दिसतो, आणि क्रम चुकला की जिना तुटतो. इथे जिनाही अखंड होता. चुकलं होतं ते दोनच ठिकाणी. अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर एक पान मजकूर गायब होता. आणि चौसष्टावं व पासष्टावं पान, जी पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येतात, त्या दोन्हींवर एकच तक्ता होता.

पुस्तकं बांधून, कापून, गठ्ठे करून ठरल्या तारखेला गेली. विभागाला बक्षिसी लागली. दोन दिवसांनी सगळे गठ्ठे परत आले. बांधलेल्या पुस्तकातून एक फर्मा काढून दुसरा घालता येत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून छापावं लागलं. त्या महिन्याची कमाई त्यात गेली, आणि गिऱ्हाइकाचा कार्यक्रम सुटे, पिना मारलेले कागद वाटून पार पडला. ताईंना जास्त लागलं ते हे दुसरं.

मी गेलो त्या दिवशी एकेकाशी बोलत होतो. बाइंडिंगचा एक तरुण, सहा-सात वर्षं तिथे असलेला, फर्म्यांची घडी घालता घालता मान वर न करता म्हणाला, ‘मला दिसला होता तो तक्ता. दोनदा.’

मी ताईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, ‘मग सांगितलं का नाहीस?’

‘दिसलं होतं, ताई. पण मागच्या महिन्यात मी एक जॉब थांबवला होता. नावात चूक वाटली म्हणून. नाव बरोबर निघालं, तारीख चुकली, सगळ्यांची बक्षिसी गेली. तुम्ही म्हणालात, तुझं काम बांधायचं, वाचायचं काम आमचं.’

ताई काहीच बोलल्या नाहीत. आपण हे बोललो होतो हे त्यांना आठवलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची पाच मिनिटं हीच. तो मुलगा आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. त्याने चूक पकडली होती. पकडलेली चूक बोलून दाखवणं त्याला तीन बाजूंनी महाग पडत होतं: मालकिणीची बोलणी, सोबत्यांची नाराजी आणि खिशातले पैसे. गप्प राहण्याची मात्र बक्षिसी मिळत होती, तीही सगळ्या विभागाला.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय ताईंच्या मनात त्या दिवसापर्यंत पक्का होता. प्लेट कुणी चढवली ते शोधायचं आणि नुकसानीचा काही भाग पगारातून कापायचा. चढवली होती काकांनी. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, रॅकवर होती ती चढवली, आणि ते खरंच होतं. कापलेल्या पैशांनी नुकसान भरून निघणार नव्हतं, आणि पुढच्या चुका आणखी खोल दडल्या असत्या. हा पर्याय त्या मुलाच्या बोलण्याबरोबरच गळून पडला.

दुसरा पर्याय म्हणजे बक्षिशीचा नियम सुधारायचा. तारखेबरोबर दर्जाही मोजायचा, चूक निघाली की बक्षिसी परत घ्यायची. ऐकायला हे सरळ वाटतं आणि यावर आमची बरीच चर्चा झाली. पण चूक निघाल्यावर पैसे जाणार असतील तर चूक सांगणारा पुन्हा सगळ्यांचा शत्रू होणार. पहिल्या नियमाचं दुखणं तसंच राहिलं असतं, फक्त औषधाची मात्रा वाढली असती.

तिसरा, एक सुपरवायझर नेमायचा. खर्च परवडण्यासारखा होता. पण तो काय करणार? जे प्रश्न आज ताईंकडे येतात ते त्याच्याकडे जाणार, आणि तो ते घेऊन ताईंकडेच येणार. कुठलेही अधिकार हातचे सोडायला मालक तयार नसेल, तर मधला माणूस म्हणजे निरोप्या.

चौथा पर्याय ताईंना मनापासून हवा होता, आणि त्याचं आकर्षण मला समजत होतं. यापुढे प्रत्येक फर्मा मशीनवर चढण्याआधी मी स्वतः पाहणार. एवढं मोठं नुकसान झाल्यावर लगाम आणखी घट्ट आवळावासा वाटणं अगदी साहजिक आहे. त्या दिवशी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर तुम्हाला जो कुणी जे काही विचारेल ते लिहा, आणि पुढे हेही लिहा की त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत होतं का.

आठवड्यात वहीची अकरा पानं भरली. बहुतेक प्रश्नांपुढे ताईंनी स्वतःच्या हाताने ‘माहीत होतं’ असं लिहिलं होतं. ‘मग मला विचारतात कशाला?’ त्यांनी विचारलं. कारण न विचारता केलं आणि बिघडलं तर बोलणी खावी लागतात, आणि विचारून केलं तर जबाबदारी ताईंची. लोकांनी स्वतःला सुरक्षित ठेवायचा रस्ता शोधला होता. तो रोज ताईंच्या टेबलावरून जात होता.

पाचवा पर्याय त्या वहीतून निघाला. काम ज्याच्या हातात आहे त्याला ते थांबवायचा हक्क द्यायचा, आणि अकरा पानांतले जेवढे निर्णय खाली सोडता येतील तेवढे सोडायचे. यात धोका होता. थांबलेलं मशीन म्हणजे वाया जाणारा कागद. पुन्हा सुरू करताना रंग आणि रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर अचूक बसणं, जुळेपर्यंतचे ताव रद्दीत जातात. ताईंनी दोन रात्री विचार केला आणि हाच पर्याय घेतला.

काय केलं

सुरुवात त्यांनी जिथून केली ते मी सुचवलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हणाल्या, ‘पान वाढलंय हे मी फक्त डीटीपीला सांगितलं. मशीनला सांगितलं नाही. ही चूक माझ्यापासून सुरू झाली.’ त्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, असं सगळ्यांसमोर बोलल्याने माझा वचक जाईल का? मी म्हणालो होतो, जाईल की नाही ते सांगता येत नाही, पण लोकांना हे आधीपासून माहीत आहे. खरंच तसं होतं. ताईंचं बोलणं झाल्यावर प्लेट करणाऱ्या मुलाने सांगितलं की जुन्या प्लेटा रॅकवरून कोण उचलणार हे आजवर कधी ठरलेलंच नाही, आणि असं आधीही दोनदा व्हायचं वाचलं होतं. ही माहिती पंधरा-वीस दिवसांत कुठल्याही चौकशीतून बाहेर आली नसती. त्याच आठवड्यात ठरलं की दुरुस्ती आली की जुन्या प्लेटेचा कोपरा कापायचा. कोपरा कापलेली प्लेट अंधारातही हाताला कळते.

बक्षिसी बंद करायची होती. तिथे एक नाजूक निर्णय होता. सरळ बंद केली असती तर चार महिने मिळणारे पैसे गेले, म्हणजे चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला, अशी भावना झाली असती. म्हणून चार महिन्यांची सरासरी काढून ती रक्कम पगारात मिळवली. ताईंना हे महाग वाटलं. मला अजूनही वाटतं की तो खर्च योग्य होता. दंडही काढला. पण हैफासारखंच झालं, उशीर लगेच थांबला नाही. तो थांबला वेगळ्याच कारणाने. बाइंडिंगच्या लोकांशी बोलताना कळलं की सकाळी त्यांच्या हाताला काम नसतं. छपाई होऊन शाई वाळल्याशिवाय त्यांच्याकडे काहीच येत नाही. मग आठवड्याच्या कामाप्रमाणे आपली वेळ त्यांनीच ठरवायची असं झालं, आणि आपण ठरवलेल्या वेळेला सगळे यायला लागले.

पगाराचा दिवसही नक्की केला. आधी गिऱ्हाइकाचे पैसे येतील तसा पगार व्हायचा, कधी सात तारीख तर कधी वीस. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून एक फरक दाखवला होता. पगार, कामाची जागा, नियम या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट केल्या म्हणून कामात रस येतोच असं नाही. रस येतो तो कामातून, जबाबदारीतून, केलेलं कुणीतरी ओळखण्यातून. ताईंना हे आधीच सांगितलं ते बरं झालं. पगार सात तारखेला व्हायला लागला तेव्हा कुरकुर थांबली, उत्साह काही उसळला नाही, आणि त्यांनी तो उसळण्याची वाटही पाहिली नाही.

मुख्य बदल दोन. एक म्हणजे फळ्यावर तीन रकान्यांचा कागद: ‘करा’, ‘करा आणि सांगा’, ‘आधी विचारा’. वहीतला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रकान्यात गेला. शाईचा घट्टपणा पहिल्या रकान्यात. खराब झालेले ताव पुन्हा छापणं दुसऱ्यात. दरात सूट आणि तारीख बदलणं तिसऱ्यात.

दुसरा बदल म्हणजे थांबवायचा हक्क. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची गोष्ट मी तिथे सांगितली होती. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे. तोच विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेला, आणि गडबड दिसली की दोरी ओढून काम थांबवायचा अधिकार जुळणीच्या साखळीवर उभ्या असलेल्या कामगाराला मिळाला. छापखान्यात दोरी नव्हती. नियम एवढाच केला की कुणालाही काही खटकलं तर त्याने काम थांबवायचं आणि जॉबकार्डावर एक ओळ लिहायची.

पहिल्यांदा मशीन थांबलं तेव्हा

हा प्रसंग वेगळा सांगायला हवा, कारण सगळी योजना इथेच बुडाली असती.

दहाव्या दिवशी एका मदतनीस मुलाने चार रंगांचा जॉब थांबवला. चेहऱ्यांवर लाल झाक जास्त येतेय म्हणाला. बाहेर गाडी उभी होती. काकांनी भिंग लावून ठिपके पाहिले, ताव वरखाली केला, आणि काहीही न बोलता बाजूला झाले. ताई खाली आल्या. ती झाक गिऱ्हाइकानेच मागितली होती, प्रूफवर, म्हणजे आधी दाखवलेल्या नमुन्यावर, तशी सही होती. ताई म्हणाल्या, ‘ठीक आहे, चालू करा,’ आणि वर निघून गेल्या. कुणालाही रागावल्या नाहीत. मशीन पुन्हा लागेपर्यंत रद्दीचा एक छोटा ढीग झाला.

त्यानंतर नऊ दिवस कुणीच काही थांबवलं नाही.

हे ताईंनी स्वतः टिपलं, याचं मला फार कौतुक आहे. त्यांनी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘तुम्ही काही बोलला नाहीत. पण चेहरा बघितला ना.’ त्या दिवशी ताईंनी मशीनपाशी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की तू थांबवलंस ते बरोबर केलंस. आणि मग त्यांनी एक जास्त कामाचा प्रश्न विचारला: ही झाक ठरलेली आहे हे तुला कळणार कसं होतं? उत्तर असं की कळायची सोयच नव्हती. सही केलेलं प्रूफ ताईंच्या केबिनमध्ये टांगलेलं असायचं. तेव्हापासून ते मशीनशेजारी टांगतात. नंतर फुकटची थांबाथांब कमी झाली, ती यामुळे.

काय झालं

पहिल्या दोन महिन्यांत जॉबकार्डांवरच्या नोंदी वाढत गेल्या आणि ताई घाबरल्या. ‘आधी इतक्या चुका होत नव्हत्या.’ एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेला, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडला. चांगल्या चमूंमध्ये चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक उघड बोलली जात होती. आम्ही जुनी जॉबकार्डं आणि रद्दीच्या नोंदी काढून पाहिल्या. चुका आधीही होत होत्या. फक्त त्या गिऱ्हाइकाच्या हातात उघड होत होत्या, आता घडीच्या टेबलावर होऊ लागल्या.

पुढच्या सहा महिन्यांत एकही जॉब पूर्ण परत आला नाही. ताईंकडे येणारे प्रश्न बरेच कमी झाले. रात्रीचे फोन जवळपास थांबले. तारखा मात्र काही फार सुधारल्या नाहीत, हे नोंदवायला हवं. मोठी पुस्तकं अजूनही एखाद-दोन दिवस मागे जातात. ताई आता ते गिऱ्हाइकाला आधी सांगतात, एवढाच फरक.

आणि काका गेले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. ते गेल्यावर चार रंगांच्या कामात रजिस्टर हलण्याच्या तक्रारी वाढल्या आणि दोन नवे मशीनमन रुळेपर्यंत बरेच ताव वाया गेले. भिंग त्यांचं स्वतःचं होतं, ते घेऊन गेले.

वेगळं काय करता आलं असतं

बक्षिशीचा नियम लावण्याआधी ताईंनी तो मागच्या दोन महिन्यांच्या कामावर कागदावर लावून पाहायला हवा होता. कार्डं आणि पुस्तकं एकाच मापाने मोजली जातायत हे तासाभरात दिसलं असतं. कुठलाही मोबदला ठरवताना हुशार माणूस यातून सगळ्यांत सोप्या वाटेने पैसे कसे मिळवेल, हे आधी स्वतःला विचारावं. तसं करणाऱ्या माणसाला त्यासाठी नावं ठेवू नयेत.

दोन नियम एकदम लावले हेही चुकलं. तिसऱ्या महिन्यात काम बिघडलं ते बक्षिशीमुळे की दंडामुळे, हे त्यांना कळेना, आणि मग दोष आपसूक माणसांवर गेला.

पण ताई आणि मी, दोघांनाही सगळ्यांत जास्त लागून राहिलेली गोष्ट काकांची आहे. थांबवायचा हक्क सर्वांना द्यायचा, हे कागदावर न्याय्य होतं. पण मशीन थांबवणं हा त्या खोलीत इतकी वर्षं एकाच माणसाचा मान होता. तो काढून घेतला जातोय हे आमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही बाइंडरचं ऐकलं, मदतनिसाचं ऐकलं, ज्यांचा आवाज दबला होता त्या सगळ्यांचं ऐकलं. काकांचा आवाज दबलेला नसणार, असं आम्ही गृहीत धरलं. त्यांच्याशी आधी एकट्याने बोलायला हवं होतं. मदतनिसाने काय बघून थांबवायचं, ठिपका कसा ओळखायचा, हे शिकवायचं काम त्यांचं असायला हवं होतं. त्या दिवशी त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि गप्प बाजूला झाले, तेव्हा त्यांना प्रूफवरच्या सहीची कल्पना होती का, हे ताईंनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काकांनी काम सोडल्यावर महिन्याभराने ताई त्यांना भेटायला गेल्या. काका नीट बोलले, वडिलांच्या आठवणी काढल्या. परत यायचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, ‘ताई, बक्षिसी मी फळ्यावर वाचली. दंड फळ्यावर वाचला. थांबवायचा नियमही फळ्यावरच वाचला.’ यायला त्यांनी नकार दिला.

दोन नवे मशीनमन आता बऱ्यापैकी रुळले आहेत. तरी बारीक चार रंगी काम आलं आणि रजिस्टर बसेना, की दोघांपैकी एखादा म्हणतो, काकांना विचारायला हवं होतं. ताई मग फोन लावतात. काका फोनवर सांगतात.